लाख तास गाठत आलेल्या सुपरहीटरचं आयुष्य किती उरलं? आधी नळी किती तापली ते सांगा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तापीकाठच्या एका साखर कारखान्यात को-जनचा (कारखान्याची स्वतःची वीज बनवायचा) बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारा बॉयलर आहे, ८७ किलो प्रेशर, ५१५ डिग्री स्टीम, ९२ हजार तास झालेत. फायनल सुपरहीटरच्या (जिथे स्टीम शेवटची तापते) कॉइल, म्हणजे वळवलेल्या नळ्या, टी-२२ ह्या क्रोम-मॉली पोलादाच्या, बाहेरचा व्यास ५१ मिमी, नव्या असताना जाडी ५ मिमी. एका एजन्सीने हेडरवर (सगळ्या नळ्या जिथे जुळतात तो जाड पाइप) चार रेप्लिका, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचे ठसे, काढून 'आणखी १० वर्षे सेफ' असं लिहून दिलं. दुसऱ्याने जाडी मोजली, काही नळ्यांना ४.२ आली, तर तो म्हणतो अख्खी बँक, म्हणजे सगळ्या कॉइल, बदला. एम.डी. साहेब विचारताहेत की नेमकी किती वर्षं ते सांगा, आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकलात.

तर भाऊ, दोघंही खोटं बोलत नाहीत. पण दोघांपैकी एकानेही तुम्हाला नळीचं तापमान विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. मी हे काम २६ वर्षं करतोय, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या अंगणातून दिसतील अशा गावात वाढलो, कोळशाचे बॉयलर बघितले, बगॅसचे बघितले, आणि दर वेळी हाच अनुभव की जाडी सगळे मोजतात, फोटो सगळे काढतात, तापमान मात्र डिझाइनच्या कागदावरून उतरवून घेतात.

नळीचं आयुष्य खातो तो क्रीप, आधी तो म्हणजे काय ते सरळ भाषेत. आमच्या आजोबांचं धाब्याचं घर होतं, वरती मातीचं धाबं, खाली लाकडी तुळया. मधली तुळई मी लहान होतो तेव्हा थोडी झुकलेली, मी कॉलेजला गेलो तोवर इतकी झुकली की खालून खांबाचा टेकू द्यावा लागला. वरची माती तेवढीच होती, कोणी वजन वाढवलं नव्हतं, तरी लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकत गेलं. पोलाद थंड असताना असं करत नाही, पण गरम झालं की करतं. कुठपासून करतं? वितळण्याच्या तापमानाच्या, म्हणजे केल्व्हिनमध्ये मोजलेल्या आकड्याच्या, साधारण चार दशांशापासून पुढे, पोलादाला ते ४५० डिग्रीच्या आसपास येतं, साध्या कार्बन स्टीलला थोडं आधी, क्रोम-मॉलीला थोडं उशिरा. तुमची ५१५ ची स्टीम वाहणारी नळी त्या हद्दीच्या चांगलीच आत आहे. म्हणजे रोज, प्रत्येक तासाला, ती किंचित फुगतेय, आणि हे ती बंद पडेपर्यंत थांबत नाही, फक्त वेग कमी-जास्त होतो.

आता हा लाख तासांचा आकडा. कारखान्यात लोक तो औषधाच्या बाटलीवरच्या एक्सपायरी डेटसारखा धरतात, तसं नाही. डिझाइन करताना नळीवर किती ताण चालेल हे ठरवायला १,००,००० तासांत मटेरियल तुटेल तो ताण काढतात आणि त्याच्याही खाली राहतात. एएसएमई ह्या अमेरिकन कोडमध्ये सरासरी आकड्याच्या ६७ टक्के, किमान आकड्याच्या ८० टक्के, आणि १,००० तासांत ०.०१ टक्के क्रीप होईल तो ताण, ह्या तिघांत जो कमी तो. म्हणजे लाख तास झाल्यावरही बरंच आयुष्य उरलेलं असतंच, जर नळी डिझाइनइतकीच तापली असेल तर. हा 'जर' लक्षात ठेवा. आपल्याकडे आयबीआर १९५०, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांच्या, ३९१-ए प्रमाणे क्रीप रेंजमध्ये चालणाऱ्या पार्ट्सची लाख तासांनी उर्वरित आयुष्याची तपासणी करावीच लागते, आणि २५ वर्षं पूर्ण झाली की पण लागते. साखर कारखान्यात ह्यात एक गंमत आहे, हंगाम १६० दिवसांचा धरला तर वर्षाला ३,८४० तास होतात, २५ वर्षांत ९६ हजार, म्हणजे नुसत्या हंगामावर चालणाऱ्या बॉयलरचे लाख तास आणि २५ वर्षं जवळजवळ एकाच सुमाराला भरतात. तुम्ही ऑफ-सीझनला साठवलेल्या बगॅसवर पण चालवता म्हणून वर्षाला ५ हजार तास पडतायत आणि तुमचे तास आधी भरणार.

आता हिशोब करू, कागद-पेन घ्या, कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच.

नळीवरचा ताण म्हणजे प्रेशर गुणिले (बाहेरचा व्यास वजा जाडी), भागिले जाडीची दुप्पट. ८७ किलो म्हणजे साधारण साडेआठ मेगापास्कल, सुपरहीटरमध्ये प्रेशर आउटलेटपेक्षा थोडं जास्त असतं म्हणून ९ मेगापास्कल धरू. जाडी ५ असेल तर ९ गुणिले ४६ भागिले १०, म्हणजे ४१ मेगापास्कल. आता टी-२२ चे सरासरी रप्चरचे, म्हणजे तुटण्याचे, आकडे बघितले तर ४१ च्या ताणाला लाख तासांत तुटायला ती नळी साधारण ५८५ डिग्रीला ठेवावी लागेल. मग ५५० ला ठेवली तर किती टिकेल? इथे लार्सन-मिलर कामी येतं. १९५२ सालचं सूत्र आहे, अजून त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. केल्व्हिनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा लॉग), हा गुणाकार एका ताणाला कायम राहतो, बस एवढंच. ५८५ म्हणजे ८५८ केल्व्हिन, लाख तासांचा लॉग ५, तर ८५८ गुणिले २५ म्हणजे २१,४५०. हाच आकडा ५५० डिग्रीच्या ८२३ केल्व्हिनने भागा, २६.०६ येतं, त्यातून २० वजा, ६.०६, म्हणजे ११ लाख तासांच्या वर. तुमच्या चालीने दोनशे तीस वर्षं! आता कोणी हे एम.डी. साहेबांना सांगितलं तर ते पेढे वाटतील.

पण आता तीच नळी ५५० ऐवजी ५८० ला चालली असं धरा. ८५३ ने भागा, २५.१५ येतं, म्हणजे १ लाख ४० हजार तास. फक्त ३० डिग्रीत ११ लाखांचे १ लाख ४० हजार झाले. साधारण नियम असा पाठ करा की ह्या रेंजमध्ये दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं.

आणि जाडी? तुमची ४.२ ची नळी खरी ४.२ नाही. आतून जे ऑक्साइडचं स्केल बसलेलं असतं ते साधं जाडी-मीटर बहुतेक वेळा धातूतच मोजतं. आतलं स्केल ०.४ असेल तर धातू उरला ३.८. आता ताण काढा, ९ गुणिले ४७.२ भागिले ७.६, म्हणजे ५६ मेगापास्कल. ह्या ताणाला लाख तासांचं तापमान ५६३ च्या आसपास येतं, आणि ५८० ला हिशोब केला तर ३१-३२ हजार तास. बघा, ११ लाखांवरून कुठे आलो आपण, आणि नळी तीच आहे, टी-२२, ५१ मिमी, रेप्लिका काढली तर कदाचित फोटो पण चांगलाच येईल. ताणाचा हिशोब तोंडी करायचा तर १४-१५ टक्के ताण वाढणं आणि १० डिग्री तापमान वाढणं, दोन्हींचं नुकसान जवळपास सारखं.

पुढे झालेला खर्च वजा करायचा. रॉबिन्सनची बेरीज म्हणतात तिला, समजायला एकदम सोपी, प्रत्येक परिस्थितीत घालवलेले तास भागिले त्या परिस्थितीतलं पूर्ण आयुष्य, सगळ्यांची बेरीज एक झाली की नळी संपली. ९२ हजार तास ५८० ला गेले आणि बराच काळ जाडी पूर्ण होती असं मानलं तर ९२ भागिले १४०, म्हणजे ६६ टक्के खर्च. उरले ३४ टक्के, ३१ हजारांच्या ३४ टक्के म्हणजे जेमतेम ११ हजार तास. तुमच्या चालीने दोन वर्षं. आणि हे सुद्धा नळीला झुकतं माप देऊन, कारण जाडी एका रात्रीत कमी झाली नाही, मधल्या वर्षांतही ताण वाढतच होता.

इथे एक डोकेदुखी आहे ती लपवत नाही. हे सगळे आकडे सरासरीचे. एकाच ग्रेडच्या वेगवेगळ्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीतून निघालेल्या खेपांमध्ये, फरक असतो, खालची रेघ सरासरीच्या ८० टक्के ताणाला धरतात, आणि ताणात २० टक्के फरक म्हणजे आयुष्यात तिप्पट फरक. खालच्या रेघेने हिशोब केला तर ती ५८० वाली नळी ४६ हजार तासांतच फुटायला हवी होती. ती फुटली नाही, म्हणजे एक तर तुमचं मटेरियल खालच्या रेघेवरचं नाही किंवा ती सगळे तास ५८० ला चाललीच नाही. आमच्या धंद्यात असं उलटं विचारायची सवय लागते, जे अजून फुटलं नाही ते पण काहीतरी सांगत असतं.

मग खरं तापमान काढायचं कसं. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) असतील तर ते हेडरच्या जवळ, गॅसच्या बाहेर लावलेले असतात, तिथे फक्त त्या नळीतल्या स्टीमचं तापमान कळतं, ज्वाळेसमोरच्या धातूचं नाही. तुमच्या लॉगशीटमध्ये ५१५ लिहिलंय ते तर सगळ्या कॉइलमधून आलेल्या स्टीमचं एकत्र झालेलं तापमान, म्हणजे वर्गाची सरासरी, त्यात नापास मुलगा दिसत नाही. खरं तापमान नळीने स्वतःच आत लिहून ठेवलेलं असतं, ते म्हणजे स्टीमच्या बाजूचं स्केल. जितकी जास्त तापली तितकं जाड स्केल, आणि तास माहीत असले की जाडीवरून तापमान उलटं काढता येतं. टी-२२ साठी ९२ हजार तासांना साधारण ०.२ मिमी स्केल असेल तर नळी सरासरी ५५० च्या आसपास चालली, ०.४ असेल तर ५८० च्या आसपास. बस, हा एक आकडा ११ लाख तास आणि दोन वर्षं ह्यांच्यामधला निकाल लावतो आणि तो दोन्ही एजन्सींच्या रिपोर्टमध्ये नाही!

मोजायची पद्धत सांगतो कारण इथेच लोक घाई करतात. साध्या जाडी-मीटरने होत नाही, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब आणि स्क्रीनवर लहर दाखवणारं मशीन लागतं. नळीचा बाहेरचा थर, राख आणि खपली, ग्राइंडरने नाही तर फ्लॅप व्हीलने हळू काढायचा, चमक येईपर्यंत, नखाएवढी जागा पुरते, पण ती गुळगुळीत पाहिजे. मग स्क्रीनवर दोन टोकं दिसतात, एक धातू संपून स्केल सुरू होतं तिथलं आणि दुसरं स्केल संपतं तिथलं, दोघांमधलं अंतर म्हणजे स्केल. पातळ स्केलला, ०.१-०.१५ च्या खाली, दोन टोकं एकमेकांत मिसळतात, तेव्हा 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं लिहू नका, 'मोजता येण्यापेक्षा कमी' असं लिहा. आणि एक धोका, स्केल जाड झालं की बॉयलर थंड होताना त्याचे पापुद्रे सुटतात, मग त्या जागी मोजलं तर कमी येतं आणि नळी साळसूद वाटते. म्हणून एका नळीवर तीन-चार ठिकाणी मोजायचं, आणि खालच्या बेंडमध्ये काळे पापुद्रे साचलेत का तेही बघायचं. जमलं तर एक-दोन नळ्यांचा तुकडा कापून स्केल मायक्रोस्कोपखाली मोजून घ्या, मग बाकी सगळ्या अल्ट्रासोनिक आकड्यांवर भरवसा बसतो.

आता मी कुठे आपटलो ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यात, नाव नको, मी सुपरहीटर बघितला. जाडी ठीक, रेप्लिका ठीक, तापमान मी डिझाइनचं घेतलं, स्टीम अधिक ३५, आणि ऐटीत ६० हजार तास लिहून दिले. दुसऱ्याच सीझनला, जानेवारीत, गाळप जोरात चालू, नळी फुटली. मी गेलो तेव्हा बॉयलर अजून कोमट होता. डावीकडून सातवी कॉइल, खालच्या बेंडच्या थोडं वर, फाटलेली जागा बोटभर लांब, आणि काठ जाड, बोथट. थोड्या वेळासाठी जबरदस्त तापून फुटलेल्या नळीचे काठ चाकूसारखे पातळ होतात आणि तोंड मोठं फाकतं, ही तशी नव्हती, ही वर्षानुवर्षं शिजून फुटलेली. आजूबाजूला नळीवर बाभळीच्या सालीसारख्या उभ्या भेगा. मी नखाने आतलं स्केल उचकटलं, अर्ध्या मिमीच्या वरचा पापुद्रा हातात आला. बेंडमध्ये पांढरट क्षाराचा थर. म्हातारा अटेंडंट शेजारी उभा, तो म्हणाला, "साहेब, ती कॉइल पहिलेपाईन रांग सोडीसन उभी से." म्हणजे ती कॉइल रांगेतून बाहेर आलेली, गॅसच्या तोंडात, हे त्याला पाच वर्षांपासून माहीत, मी त्याला विचारलंच नव्हतं. आणि क्षार कुठून? लॅबचं रजिस्टर काढलं तर तीन सीझन मागे इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्याच्या) ट्यूबमधून कंडेन्सेटमध्ये, म्हणजे बॉयलरला परत येणाऱ्या पाण्यात, साखर आली होती, बॉयलरच्या ड्रमला फेस आला, पाणी स्टीमबरोबर सुपरहीटरमध्ये गेलं आणि क्षार बसले. क्षार बसला की नळी स्टीमला उष्णता देऊ शकत नाही, स्वतःच गिळते. ते रजिस्टर मी मागितलंच नव्हतं. चूक माझीच, सारवासारव करण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून मी बॉयलरमध्ये शिरायच्या आधी दोन गोष्टी करतो, लॅबचं रजिस्टर बघतो आणि सगळ्यात जुन्या माणसाबरोबर चहा घेतो. कुठली नळी कधी बदलली, कोणत्या दुकानातून आली, वेल्डर कोण होता, हे रेकॉर्डमध्ये नसतं, त्याच्या डोक्यात असतं. तुमच्याकडे बदललेल्या नळ्या असतील तर त्यांचं मटेरियल मशीन लावून तपासा, अडचणीच्या रात्री टी-२२ च्या जागी साधी कार्बन स्टीलची नळी ठोकलेली मी दोन ठिकाणी पाहिलीय. तिला आपले वरचे हिशोब लागूच होत नाहीत, ती तर ह्या तापमानाला पाहुणी.

रेप्लिकाबद्दल बोलू. रेप्लिका वाईट नाही, पण ती काय सांगते आणि काय नाही हे कळलं पाहिजे. जागा ८० च्या पेपरपासून १२०० पर्यंत घासायची, मग डायमंड पेस्ट, मग नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक अॅसिड) लावून परत पॉलिश, परत नायटल, असं दोन-तीनदा, नाहीतर घासताना ओढला गेलेला धातू पोकळ्या झाकून टाकतो. मग अॅसिटोनने मऊ केलेली अॅसिटेटची फिल्म दाबून वाळवायची आणि सोलून काचेवर घ्यायची. पृष्ठभागावरचा कार्बन उडालेला थर अर्धा मिमीपर्यंत असू शकतो, तो काढलाच नाही तर तुम्ही नळीच्या कातडीचा फोटो काढला, आतल्या हाडाचा नाही. फोटोत काय बघायचं, तर न्यूबाउअरची पायरी: काही नाही, मग सुट्या पोकळ्या, मग एका रांगेत आलेल्या पोकळ्या, मग बारीक भेगा, मग डोळ्यांना दिसणाऱ्या भेगा. सुट्या असतील तर लक्ष ठेवा, रांगेत असतील तर ठरलेल्या अंतराने परत बघा, बारीक भेगा असतील तर मर्यादित काळ चालवून दुरुस्ती, मोठी भेग असेल तर ताबडतोब. ही पायरी वेल्डच्या शेजारच्या तापलेल्या पट्ट्यासाठी, म्हणजे हीट अफेक्टेड झोनसाठी उपयोगाची. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या चार रेप्लिका कुठे घेतल्या बघा. हेडरच्या मधल्या गुळगुळीत भागावर असतील तर एकदम सुंदर फोटो येणारच, तिथे शेवटपर्यंत काही दिसत नाही, दुखणं असतं ते स्टब वेल्डच्या (हेडरला नळ्यांचे तुकडे जोडलेले असतात तिथल्या) आणि गोल वेल्डच्या कडेला. आणि मुख्य म्हणजे हेडरच्या रेप्लिकावरून कॉइलचं आयुष्य लिहिणं म्हणजे सासऱ्याचं बीपी मोजून जावयाला औषध देणं. हेडर गॅसच्या बाहेर असतो, कॉइल आत, दोघांचं तापमान वेगळं.

पण हेडरला कमी समजू नका, उलट माझी झोप हेडर आणि मेन स्टीम लाइनवर उडते. नळी फुटली तर गाळप दोन दिवस थांबतं, आवाज होतो, चिडचिड होते. हेडर किंवा स्टीम पाइप गेला तर माणसं जातात. हेडरमध्ये दोन भोकांच्या मधल्या पट्टीत आतून भेगा सुरू होतात, त्याचं कारण नुसता क्रीप नाही तर चालू-बंदचे धक्के, आणि साखर कारखान्यात ऊस नाही, बगॅस ओला आहे, पाऊस आला, टर्बाइन ट्रिप, ह्या ना त्या कारणाने चालू-बंद भरपूर. हँड होलचा कॅप किंवा दोन नळ्या कापून आतून कॅमेरा घाला. बाहेरून स्टब वेल्डची डी.पी. टेस्ट (रंग लावून भेगा शोधायची), हेडरचा घेर टेपने मोजून जुन्या आकड्याशी ताडा, जुना आकडा नसेल तर आज मोजून पेंटने खूण करून ठेवा, पुढच्या माणसाला तरी मिळेल. कॉइलच्या नळ्यांना फुगवटा बघायला गो-नो-गो गेज (ठरलेल्या मापाची खाच, नळी शिरली तर ठीक) पुरतो, ५१ च्या नळीला २ टक्के म्हणजे १ मिमी, हाताला पण लागतो. स्टीम लाइनचे हँगर बघा, एखादा जाम झाला असेल तर पाइपचं वजन भलत्याच वेल्डवर येतं आणि तिथला ताण आपल्या सूत्रात कुठेच नसतो.

दुसऱ्या एजन्सीचं 'अख्खी बँक बदला' हे मला पटत नाही, निदान आत्ता तरी नाही. बहुतेक वेळा २०-३० टक्के नळ्या गरम असतात, बाकीच्या आरामात. कोणत्या गरम ते स्केलचा नकाशा सांगेल. गॅस एका बाजूने जास्त वाहतो, भिंतीकडे वाट मोकळी असते, किंवा कॉइल वाकडी, किंवा स्टीमचं तापमान आवरायला मारलेल्या स्प्रेचं पाणी एका बाजूला नीट मिसळत नाही. सगळ्या कॉइलचं स्केल मोजून कागदावर रांगेने लिहिलं की डोळ्यांना पॅटर्न दिसतो, मी रंगीत पेन्सिलने रंगवतो, ०.२ पर्यंत हिरवा, ०.३ पिवळा, वर लाल. जाडीचा पण तसाच नकाशा करा, पण पातळ कुठे झाली ते कारण वेगळं असू शकतं, बगॅसबरोबर माती-वाळू येते आणि ती पुढच्या रांगेतल्या नळ्या घासते, ह्या पातळ झालेल्या नळ्या कदाचित गरम नसतील. पातळ आणि गरम दोन्ही ज्या असतील त्या आधी काढा. आणि मूळ जाडी खरंच ५ होती का हे पण बघा, काही वेळा किमान ५ मागवलेली असते, मग नवी नळी ५.५ पण असू शकते, घासण्याचा वेग त्यावरून बदलतो.

लालपैकी सगळ्यात खराब दोन आणि हिरव्यापैकी एक अशा तीन नळ्या कापून लॅबला द्या. तिथे चालू ताणच ठेवून तापमान वाढवून, म्हणजे ६२० ते ७०० च्या दरम्यान चार-पाच वेगवेगळ्या तापमानांना, नमुने तोडतात. जास्त तापमानाला लवकर तुटतात, मग तापमान आणि तासांच्या लॉगची रेघ मागे ५८० पर्यंत ओढतात. ताण न वाढवता तापमान वाढवणं महत्त्वाचं, ताण वाढवून केलेली टेस्ट पटकन होते पण तुटण्याची तऱ्हाच बदलते, मग मागे ओढलेली रेघ फसवते. टी-२२ चा बारीक नमुना हवेत ७०० ला ठेवला तर ऑक्साइडनेच खाल्ला जातो, म्हणून आरगॉनमध्ये करतायत का हे विचारा. ह्याला दोन-तीन महिने लागतात, म्हणून सीझन संपल्या-संपल्या नमुने गेले पाहिजेत, दिवाळीला आठवण आली तर काही उपयोग नाही.

एम.डी. साहेबांना काय सांगायचं. वर्षांचा एक आकडा देऊ नका, ते तो आकडा मिटिंगमध्ये लिहून घेतात आणि मग तो तुमच्या मानेवर बसतो. माझ्या रिपोर्टमध्ये मी असं लिहितो, की ह्या ह्या कॉइल ह्या ऑफ-सीझनला बदला, ह्या कॉइल दोन सीझनला तापमान-जाडी बघून परत ठरवू, बाकीच्यांना पाच वर्षं हात लावायची गरज दिसत नाही, आणि हे सगळं स्टीम ५१५ च्या वर जात नाही आणि कंडेन्सेटमध्ये साखर येत नाही ह्या अटीवर. अट मोडली तर रिपोर्ट रद्द, हे मी ठळक अक्षरांत लिहितो. एकदा एका साहेबांनी विचारलं की मग तुम्ही आम्हाला ठोस सांगितलं काय, मी म्हटलं की ठोस हेच आहे की कोणत्या ११ कॉइलचे पैसे आज लावायचे आणि कोणत्या ४० चे वाचवायचे. त्यावर पैसे मंजूर झाले.

आणि एक राहिलं, ऑफ-सीझनला बॉयलर कसा ठेवता? पावसाळ्यात आत ओल राहिली तर नळ्यांना आतून खड्डे पडतात, क्रीपचा काही संबंध नसतो पण जाडी तिथे पण जाते आणि खड्ड्याच्या तळाशी ताण वाढतो. गरम हवेने सुकवून नीट बंद करा आणि आत सिलिका जेल ठेवा, किंवा नायट्रोजन. उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत लोक म्हणतात की आपोआप सुकेल, पण खालचे बेंड आपोआप सुकत नाहीत, तिथे पाणी तसंच उभं राहतं.

तर आधी स्केल. नकाशा झाला की मला पाठवा, कॉइल नंबर डावीकडून लिहा आणि कुठून बघताय, फर्नेसकडून की मागून, तेही लिहा, मागच्या वेळी एकाने उलटं लिहून पाठवलं आणि मी भलत्याच बाजूच्या सहा कॉइल कापायला सांगणार होतो.